आठ गोलांचा मानकरी

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी ग्लासगो नावाचे मोठे शहर वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे शहर उद्योगधंद्यांनी अक्षरशः गजबजून गेले होते. नदीकाठच्या गोद्यांत प्रचंड जहाजे बांधली जात. तेथील कारखान्यांत तयार झालेली आगगाडीची इंजिने समुद्र ओलांडून आपल्या देशातल्या रुळांवरही धावत. या वैभवाचा भार ज्यांच्या खांद्यांवर होता ते कामगार मात्र धुराने काळवंडलेल्या चाळींतून, एकेका खोलीत दाटीवाटीने राहत असत. आठवडाभर राबणाऱ्या या माणसांच्या जीवनात विरंगुळ्याचा एकच क्षण येई. शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला, की हजारो कामगारांचे लोंढे फुटबॉलच्या मैदानाकडे वाहू लागत. अशा या शहरात, अशाच एका कामगाराच्या घरी, जिमी मॅग्रोरी यांचा जन्म झाला.

त्यांचे पूर्ण नाव जेम्स एडवर्ड मॅग्रोरी. जन्मतारीख २६ एप्रिल १९०४. शहराच्या उत्तर भागातील गार्नगाड ही त्यांची वस्ती. पोट भरण्यासाठी आयर्लंड सोडून आलेली कुटुंबे तेथे इतक्या संख्येने राहत, की लोक त्या वस्तीला छोटे आयर्लंड म्हणत. जवळच रसायनांचे कारखाने होते आणि त्यांचा उग्र दर्प रात्रंदिवस हवेत भरून राहिलेला असे. जिमीचे वडील गॅसच्या कारखान्यात मजुरी करीत. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. त्यात जिमी लहान असतानाच त्याची आई वारली. आईवेगळ्या मुलाला परिस्थितीचे चटके लवकर बसतात, तसे ते जिमीलाही बसले. परंतु त्या चटक्यांनी त्याचे मन कडवट झाले नाही. गल्लीतल्या मुलांबरोबर तो चेंडू खेळू लागला आणि खेळता खेळता त्याला आपल्या आयुष्याची वाट सापडली.

वस्तीतल्या लोकांनी स्थापन केलेल्या सेंट रॉक्स नावाच्या संघातून जिमी खेळू लागला. स्कॉटलंडमध्ये मोठ्या साखळी स्पर्धांच्या खालच्या पायरीवर खेळणाऱ्या संघांना कनिष्ठ संघ म्हणत. हे संघ मुलांचे नसत, त्यांत कसलेली माणसेही खेळत. अशा माणसांच्या धक्काबुक्कीत हा किरकोळ अंगाचा तरुण निर्भयपणे घुसे. १९२२ साली सेंट रॉक्सने कनिष्ठ संघांचा स्कॉटिश चषक जिंकला. गरीब वस्तीने त्या दिवशी दिवाळीसारखा आनंद केला असेल, यात नवल नाही. त्याच वर्षी सेल्टिक या नामांकित संघाने जिमीला आपल्याकडे बोलावून घेतले.

सेल्टिक हा संघ कसा जन्मास आला, हे जाणून घेण्यासारखे आहे. १८८७ साली ग्लासगोच्या पूर्व भागात वॉलफ्रिड नावाच्या एका धर्मबंधूने तो स्थापन केला. त्या भागातील आयरिश गरिबांची मुले उपाशीपोटी शाळेत येत. सामन्यांच्या तिकिटांतून पैसा उभा राहावा आणि त्यातून या मुलांना जेवण मिळावे, हा संघस्थापनेचा मूळ हेतू होता. पुढे संघ मोठा झाला, व्यावसायिक झाला, पैसा मिळवू लागला. तरी गरीब वस्त्यांना तो आपला वाटत असे. गार्नगाडच्या पोराच्या अंगावर सेल्टिकचा हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा चढणे ही साऱ्या वस्तीच्या अभिमानाची गोष्ट होती.

आरंभी मात्र यशाने हुलकावणी दिली. जानेवारी १९२३ मध्ये जिमी सेल्टिककडून पहिला सामना खेळला, तो संघाने गमावला. पुढच्या हंगामात संघाने त्याला क्लाइडबँक नावाच्या दुसऱ्या संघाकडे उसना पाठविला. एखादा तरुण अशा वेळी खचून गेला असता. जिमीने तक्रार केली नाही. क्लाइडबँकसाठी त्याने साखळी सामन्यांत तेरा गोल केले, आणि त्यांतला एक तर खुद्द सेल्टिकविरुद्ध, सेल्टिकच्याच मैदानावर! तो सामना क्लाइडबँकने जिंकला. आपण कोणाला दूर पाठविले आहे, हे सेल्टिकच्या चालकांना त्या दिवशी उमगले असावे. हंगाम संपताच जिमी पुन्हा सेल्टिकमध्ये परत आला. १९२५ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात डंडी संघाविरुद्ध बरोबरी झालेली असताना त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडून संघाला विजय मिळवून दिला. तेथून पुढे त्याला कोणी मागे सारू शकले नाही.

मॅग्रोरी यांचे खेळातील वैशिष्ट्य कोणते होते? ते उंच नव्हते, उलट आघाडीच्या मध्यावर खेळणाऱ्या माणसाच्या मानाने ठेंगणेच होते. परंतु त्यांचे खांदे रुंद व मान बळकट होती. बगलेवरून साथीदाराने चेंडू मध्यभागी टोलविला, की मॅग्रोरी धावत येऊन जमिनीला समांतर अशी झेप घेत आणि डोक्याचा असा तडाखा देत, की पायाने मारलेला चेंडूही तितका वेगाने जाऊ नये. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा असे व त्याचे तोंड वादीने आवळलेले असे. पावसात तो पाणी पिऊन दगडासारखा जड होई. असा चेंडू वेगाने येत असता त्यापुढे डोके घालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पाण्यातून सरळ लक्ष्याकडे झेपावणाऱ्या पाणतीरावरून लोकांनी त्यांना मानवी पाणतीर असे नाव दिले होते.

काळही त्यांना अनुकूल होता. १९२५ साली फुटबॉलचा एक महत्त्वाचा नियम बदलला. तोपर्यंत आघाडीच्या खेळाडूकडे चेंडू पुढे देताना त्याच्या व गोलच्या रेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. बचाव करणाऱ्यांची जुनी व्यूहरचना त्यामुळे कोसळली आणि गोलांचा जणू पाऊस पडू लागला. मॅग्रोरी यांनी १९२६-२७ च्या हंगामात साखळी सामन्यांत जवळजवळ पन्नास गोल केले. मात्र नियम सर्वांसाठीच बदलला होता. त्याचा एवढा लाभ सर्वांना उठवता आला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता आपण त्यांच्या आयुष्यातील त्या प्रसिद्ध सामन्याकडे वळू. तो दिवस १४ जानेवारी १९२८, शनिवार. सेल्टिकच्या मैदानावर डन्फर्मलिन अॅथलेटिक हा संघ आला होता. डन्फर्मलिन हे फाइफ परगण्यातील जुने गाव. एके काळी ते स्कॉटलंडच्या राजांचे निवासस्थान होते. कोळ्याच्या जाळ्यावरून धडा घेणारा म्हणून ज्याची आख्यायिका आपणही ऐकलेली असते, त्या रॉबर्ट ब्रूस राजाची समाधी याच गावच्या मठात आहे. दानशूर उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे जन्मस्थानही हेच. लिननचे तलम कापड विणणारे विणकर आणि कोळशाच्या खाणींत उतरणारे मजूर यांचे हे गाव. त्यांच्या लहानशा संघाने १९२६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळवून मोठ्या संघांच्या पंक्तीत स्थान मिळविले होते. परंतु तेथे टिकून राहणे त्याला फार कठीण जात होते. १९२७-२८ च्या त्या हंगामात हा संघ सामन्यामागून सामने हरत होता.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात त्याचे स्वरूप स्पष्ट झाले. ही बरोबरीची झुंज नव्हती. सेल्टिकचे खेळाडू चेंडू घेऊन पुन्हा पुन्हा चाल करून जात आणि मॅग्रोरी पुन्हा पुन्हा तो जाळ्यात घालीत. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. त्यात एका खेळाडूने तीन गोल केले तरी लोक त्याला डोक्यावर घेतात. त्या दिवशी मॅग्रोरी यांनी एकट्याने आठ गोल केले, म्हणजे सरासरी दर अकरा मिनिटांना एक! सेल्टिकने सामना नऊ विरुद्ध शून्य असा जिंकला. स्कॉटलंडच्या सर्वोच्च श्रेणीतील साखळी सामन्यात एका खेळाडूने आठ गोल करण्याचा हा उच्चांक आजवर कोणालाही मोडता आलेला नाही.

अशा सामन्याचे वर्णन करताना आपले लक्ष साहजिकच विजेत्याकडे जाते. पण क्षणभर पराभूतांकडेही पाहावे. फुटबॉलच्या रीतीप्रमाणे गोल झाला, की ज्या संघावर गोल झाला त्याच संघाने चेंडू मैदानाच्या मध्यावर ठेवून खेळ पुन्हा सुरू करावयाचा असतो. डन्फर्मलिनच्या खेळाडूंनी त्या दिवशी नऊ वेळा चेंडू जाळ्यातून काढला आणि नऊ वेळा तो मध्यावर नेऊन ठेवला. दमलेल्या किंवा जायबंदी झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरविण्याची मुभा त्या काळी नव्हती. जे अकरा जण आरंभी उभे राहत त्यांनाच शेवटपर्यंत सोसावे लागे. सामना हातचा गेला हे दिसत असतानाही ते पंचांची शेवटची शिटी होईपर्यंत मैदानावर उभे राहिले. हंगामाच्या अखेरीस त्यांचा संघ तळाशी राहिला आणि पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. या गावाची व मॅग्रोरींची पुन्हा एकदा गाठ पडावयाची होती. ती कशी, ते पुढे येईलच.

आठ गोलांचे फळ किती मिळाले म्हणाल, तर नियमाप्रमाणे दोन गुण. एक गोलाने जिंकला असता तरी संघाला दोनच गुण मिळाले असते. त्या वर्षीचे विजेतेपद सेल्टिकला लाभले नाही. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी रेंजर्स पाच गुणांनी पुढे राहिले. स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यातही रेंजर्सने सेल्टिकला चार गोलांनी हरविले. आठ गोल करणाऱ्या वीराच्या वाट्याला त्याच हंगामात ही निराशा आली. एवढेच नव्हे, तर मार्च महिन्यात लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध खेळावयाच्या स्कॉटलंडच्या संघात त्यांची निवडही झाली नाही. त्या जागेवर ह्यूई गॅलाहर या दुसऱ्या नामवंत खेळाडूस घेण्यात आले. स्कॉटलंडने तो सामना पाच विरुद्ध एक असा जिंकला आणि तो इतिहासात अजरामर झाला. मॅग्रोरी यांना देशासाठी अवघे सातच सामने खेळावयास मिळाले. त्यांत त्यांनी सहा गोल केले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी लागली. मॅग्रोरी हे श्रद्धाळू कॅथलिक होते. फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राच्या यात्रेसाठी ते आपल्या संघाच्या व्यवस्थापकासमवेत निघाले असता, वाटेत लंडन येथे आर्सेनल या श्रीमंत संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्यांची गाठ घेतली. आर्सेनल सेल्टिकला दहा हजार पौंड देण्यास तयार होता. तोपर्यंत एका खेळाडूसाठी एवढी रक्कम कोणी मोजलेली नव्हती. सेल्टिकच्या चालकांनाही पैशाची निकड होती, त्यामुळे हा सौदा व्हावा असेच त्यांना वाटत होते. पण खेळाडूच्या संमतीवाचून तो होऊ शकत नव्हता. मॅग्रोरी यांनी नकार दिला. यात्रेहून परतताना चॅपमन यांनी पुन्हा प्रयत्न केला. उत्तर तेच मिळाले. ज्या संघावर आपल्या वस्तीने जीव लावला तो सोडून जाणे त्यांच्या मनास पटेना.

या निष्ठेचे बक्षीस त्यांना विलक्षण मिळाले! नकारामुळे नाराज झालेल्या चालकांनी त्यांना इतर प्रमुख खेळाडूंपेक्षा आठवड्याला एक पौंड कमी वेतन देण्यास सुरुवात केली आणि त्याची वाच्यताही केली नाही. मॅग्रोरींना हे पुष्कळ वर्षांनी कळले. तरीसुद्धा आपण घेतलेल्या निर्णयाबद्दल त्यांनी कधी खेद केला नाही. निष्ठा ही देवघेवीची वस्तू नसते. ती मोबदल्यावर अवलंबून राहिली तर तिला निष्ठा म्हणता येणार नाही.

पुढची वर्षे सुखदुःखाच्या सरमिसळीची होती. १९३१ मध्ये सेल्टिकने स्कॉटिश चषक जिंकला. परंतु त्याच वर्षी ५ सप्टेंबरला रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात सेल्टिकचा तरुण गोलरक्षक जॉन थॉमसन प्रतिस्पर्ध्याच्या पायांशी झेप घेत असता त्याच्या कवटीस जबर दुखापत झाली व त्याच रात्री त्याचा अंत झाला. त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. आपल्या साथीदाराचा असा मृत्यू पाहून सर्व संघ हवालदिल झाला. दोन वर्षांनी पीटर स्कार्फ हा दुसरा उमदा सहकारी क्षयाने गेला. अशा आघातांतून सावरून मॅग्रोरी खेळत राहिले. १९३३ च्या एप्रिलमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर स्कॉटलंडचा इंग्लंडशी सामना झाला. एक लक्ष चौतीस हजारांवर प्रेक्षक जमले होते. स्कॉटलंडने दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला आणि ते दोन्ही गोल मॅग्रोरी यांनी केले. पाच वर्षांपूर्वी वेंब्लीस ज्यांना वगळले होते त्यांनी आपले उत्तर अशा रीतीने, एक शब्दही न बोलता, दिले.

वयाच्या एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी पुष्कळ खेळाडूंचे पाय थकतात. मॅग्रोरी यांनी याच वयात, १९३५-३६ च्या हंगामात, साखळी सामन्यांत पन्नास गोल केले आणि दहा वर्षांनी सेल्टिकला साखळीचे विजेतेपद मिळवून दिले. १९३६ साली सेल्टिकच्या मैदानावर एक भारतीय पाहुणाही आला. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघातील महंमद सलीम याने अनवाणी, केवळ पायांना पट्ट्या गुंडाळून, सेल्टिकच्या दुय्यम संघातर्फे सामने खेळून ग्लासगोकरांना थक्क केले. पुढे घरच्या ओढीने तो मायदेशी परतला. मॅग्रोरींच्या उमेदीच्या काळाशी आपल्या देशाचे नाते जोडणारा एवढा एक धागा आहे.

१९३७ च्या अखेरीस मॅग्रोरी यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. साखळी स्पर्धेतील चारशे आठ सामन्यांत त्यांनी चारशे दहा गोल केले होते. म्हणजे दर सामन्यामागे एकाहून अधिक! ब्रिटनमधील फुटबॉलच्या इतिहासात असे प्रमाण क्वचितच आढळते. डिसेंबरमध्ये त्यांनी किल्मार्नॉक या संघाच्या व्यवस्थापकाची जागा पत्करली. हा संघ तेव्हा तळाशी घसरत चालला होता. दैवाचा खेळ असा, की नव्या संघाचा व्यवस्थापक म्हणून त्यांचा पहिला सामना सेल्टिकशीच, सेल्टिकच्याच मैदानावर आला. २५ डिसेंबर १९३७ रोजी तो झाला. किल्मार्नॉकचा आठ विरुद्ध शून्य असा धुव्वा उडाला. ज्या मैदानावर दहा वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्यांवर आठ गोल केले होते, त्याच मैदानाच्या कडेला बसून त्यांना आपल्या संघावर झालेले आठ गोल पाहावे लागले. एकतर्फी सामन्याची दुसरी बाजू कशी असते, हे त्यांना त्या दिवशी अनुभवास आले.

या पराभवानंतर मॅग्रोरींनी हातपाय गाळले नाहीत. त्यांनी खेळाडूंना सांभाळून घेतले. अवघ्या दहा आठवड्यांनी, मार्च १९३८ मध्ये, स्कॉटिश चषकाच्या स्पर्धेत किल्मार्नॉकची सेल्टिकशी पुन्हा त्याच मैदानावर गाठ पडली आणि या वेळी किल्मार्नॉकने दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला! पुढे बलाढ्य रेंजर्सलाही नमवून त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. चषक हाती आला नाही. पण साखळी स्पर्धेत पहिल्या श्रेणीतले स्थान टिकले. आठ गोलांनी हरलेला संघ दोन-अडीच महिन्यांत त्याच प्रतिस्पर्ध्यास हरवू शकतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४५ मध्ये सेल्टिकने त्यांना व्यवस्थापक म्हणून परत बोलाविले. ही जबाबदारी त्यांनी वीस वर्षे वाहिली. ते स्वभावाने मृदू होते. आवाज चढवून बोलणे त्यांना ठाऊक नव्हते. संघाची निवड करण्यात अध्यक्ष रॉबर्ट केली यांचा शब्द मोठा असे आणि मॅग्रोरी तो मुकाट्याने मानीत. हा त्यांचा सोशिकपणा काहींना दुबळेपणा वाटे, आणि व्यवस्थापक म्हणून त्यात उणीव होती हे मान्य करावे लागेल. तरीही १९५४ मध्ये त्यांच्या संघाने साखळी व चषक ही दोन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळविली. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात सेल्टिकने रेंजर्सचा सात विरुद्ध एक असा पराभव केला. त्यानंतर मात्र यशाचा झरा आटला. सात वर्षे एकही मोठे पारितोषिक मिळाले नाही.

या पडत्या काळातच डन्फर्मलिनची गाठ पुन्हा पडली. १९६१ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत सेल्टिकसमोर तोच संघ उभा राहिला. त्याचा व्यवस्थापक होता जॉक स्टीन. हा एके काळचा खाणकामगार. मॅग्रोरींनीच त्याला १९५१ साली सेल्टिकमध्ये आणले होते व त्यांच्याच कारकिर्दीत तो संघाचा कर्णधार झाला होता. पहिला सामना गोलशून्य राहिला. दुसरा २६ एप्रिलला, म्हणजे मॅग्रोरींच्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी झाला. डन्फर्मलिनने तो दोन गोलांनी जिंकला आणि आपल्या इतिहासात प्रथमच स्कॉटिश चषक मिळविला. तेहतीस वर्षांपूर्वी नऊ गोलांचा मार खाऊन घरी परतलेल्या त्या लहान गावाने, जणू आपल्या भूमीत चिरनिद्रा घेणाऱ्या ब्रूस राजाच्या आख्यायिकेतील कोळ्याप्रमाणे, पुन्हा पुन्हा पडून अखेर धागा वर नेला होता.

१९६५ च्या मार्चमध्ये मॅग्रोरींनी आपली जागा याच स्टीनसाठी मोकळी केली. एके काळच्या शिष्याच्या हाताखाली ते संघाचे जनसंपर्क अधिकारी म्हणून आनंदाने काम करू लागले. त्यांच्या मनात असूयेला थारा नव्हता. २५ मे १९६७ रोजी लिस्बन शहरात सेल्टिकने इटलीच्या इंटर मिलान संघास हरवून युरोपीय चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला ब्रिटिश संघ होता. त्या संघातील सर्व खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून सुमारे तीस मैलांच्या आत जन्मलेले होते आणि त्यांतील बहुतेक सर्व मॅग्रोरींच्या कारकिर्दीतच संघात आलेले होते. तो चषक हाती घेताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. रोपे लावणारा हात एकाचा आणि फळे तोडणारा दुसऱ्याचा असे पुष्कळदा घडते. फळे पाहून रोपे लावणाऱ्याला आनंद व्हावा, हे मात्र दुर्मिळ.

२० ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले.

मॅग्रोरी यांचे नाव आज उच्चांकांच्या यादीत कोरलेले आहे. एका सामन्यातील आठ गोल कोणालाही दिपवून टाकतील असे आहेत. परंतु तो पराक्रम नव्वद मिनिटांचा होता. संघाने उसना पाठविला तेव्हा कुरकूर न करणे, दहा हजार पौंडांचा मोह न धरणे, आठ गोलांनी हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागणे, आणि शिष्याला आपली जागा देऊन त्याच्या यशाने सुखावणे, हे सारे जन्मभराचे होते. मैदानावर कधी आपण गोल करणाऱ्यांच्या बाजूला असतो, तर कधी चेंडू जाळ्यातून काढून मध्यावर नेणाऱ्यांच्या. या दोन्ही बाजूंना उभे राहून ज्याचा तोल ढळला नाही, असा हा एक थोर खेळाडू होऊन गेला.